ऑस्टिनमधली एक रात्र आणि दहा पानं

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

गोष्ट १२ ऑक्टोबर १९३१ची. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन. तिथल्या ड्रिस्किल हॉटेलात त्या रात्री नाचाचा कार्यक्रम होता. नुकताच कॉलेजात गेलेला सोळा वर्षांचा एक गोरा मुलगा पाऊण डॉलरचं तिकीट काढून आत शिरला. जॅझ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. वाजवणार होता त्या माणसाचं नावही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पुष्कळ मुली येतील, नाचायला मिळेल, एवढाच त्याचा हिशेब. त्या वयाला शोभणाराच.

मग वाजवणारा उभा राहिला. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग. वय तीस, रंगानं काळा. डोळे मिटून तो ट्रम्पेट वाजवू लागला आणि तो मुलगा नाचायचं विसरून ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण अलौकिक प्रतिभेच्या माणसासमोर उभे आहोत हे त्याला कळलं. आणि तो माणूस काळा होता. ऑस्टिनमध्ये वाढलेल्या गोऱ्या मुलानं तोवर काळा माणूस पाहिलेला असायचा तो केवळ नोकर म्हणून. दार उघडणारा, ओझं उचलणारा, ताटं उचलणारा. आता घरी शिकवलेलं खरं धरायचं की कानांनी ऐकलेलं?

त्याच्या शेजारी शाळेतला एक ओळखीचा मुलगा उभा होता. तोही बराच वेळ गुंग होऊन ऐकत होता. मग त्यानं डोकं झटकलं, भानावर आल्यासारखं केलं, आणि काळ्या माणसांसाठी तिकडे जी शिवी वापरत ती वापरून म्हणाला, की काही झालं तरी हा शेवटी तोच. झालं. त्याच्यापुरता प्रश्न मिटला. आपल्या सोळा वर्षांच्या मुलाचा मात्र मिटला नाही.

या मुलाचं नाव चार्ल्स ब्लॅक. पुढे तो अमेरिकेतल्या मोठ्या घटनातज्ज्ञांपैकी एक झाला. ही हकीकत त्यानं स्वतःच १९७९ साली, चौसष्टाव्या वर्षी लिहिली. तिच्यात एक गोष्ट त्यानं स्पष्ट म्हटली आहे. शाळांमधली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या ब्राउन खटल्याच्या दिशेनं आपण चालायला लागलो ते त्याच रात्री, असं त्याला वाटत आलं होतं.

नावांचा घोळ इथेच मिटवून टाकतो, कारण वर्गात शिकवताना माझे विद्यार्थी नेहमी गोंधळायचे. चार्ल्स ब्लॅक गोरे. ज्या न्यायालयापुढे हा खटला चालला त्यात ह्यूगो ब्लॅक नावाचे न्यायमूर्ती होते, तेही गोरे. त्यांचा आणि आपल्या ब्लॅकचा संबंध नाही. खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते ब्राउन काळे. आणि १८९६ साली वर्णभेद कायदेशीर ठरवणारा निकाल ज्यांनी लिहिला ते न्यायमूर्तीही ब्राउनच, पण गोरे. रंगावरून माणसं वेगळी करण्याच्या खटाटोपाची नावांनीच अशी चेष्टा केलेली आहे.

मी ब्लॅक यांना पहिल्यांदा भेटलो ते ग्रंथालयात, म्हणजे कागदावर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात कायदा शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून, जुन्या कायदाविषयक नियतकालिकांचे बांधीव खंड चाळत बसायचो. १९६०च्या येल लॉ जर्नलच्या खंडात एक निबंध हाती लागला. वर्णविभाजनाविरुद्धचे निकाल कायद्याला धरून आहेत का, असा त्याचा विषय. कायद्याच्या निबंधाला साधारणपणे सत्तर-ऐंशी पानं आणि पानाच्या निम्म्या भागात तळटीपा, अशी मला सवय. हा दहा पानांत आटोपलेला. मी उभ्या उभ्या वाचून काढला आणि मग बसून पुन्हा वाचला. पुढे तीस वर्षं शिकवताना दरवर्षी तो वाचायला दिला. आज बोलायचं आहे ते मुख्यतः या दहा पानांबद्दल. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ब्लॅक यांचा जन्म २२ सप्टेंबर १९१५चा, ऑस्टिनचाच. वडील तिथले नामांकित वकील. त्या सप्टेंबरात आपले बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हे विद्यापीठ या गोष्टीत पुन्हा येणार आहे. ब्लॅक मात्र सरळ कायद्याकडे गेले नाहीत. पदवीला ग्रीक भाषा, मग युरोपात भटकंती, मग इंग्रजीत एम.ए., मग येल विद्यापीठात जुन्या इंग्रजीचा अभ्यास. तिथून कुठे कायद्याच्या वर्गात. १९४३ला पदवी, युद्धकाळात हवाई दलात अध्यापन, थोडे दिवस वकिली, आणि १९४७पासून कोलंबियात प्राध्यापकी. १९५६ला ते येलला गेले आणि तीस वर्षं तिथे राहिले. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक कशावर असावं? जहाजांच्या कायद्यावर. ग्रँट गिलमोर यांच्याबरोबर लिहिलेला हा ग्रंथ १९५७चा. चाळिशीच्या सुमारास त्यांना कवितेचा नाद लागला आणि तीन कवितासंग्रहही निघाले. हे सांगतो ते कौतुक म्हणून नाही. भाषा शिकून कायद्यात आलेला माणूस शब्दांकडे वेगळ्या नजरेनं पाहतो, ते पुढे दिसेल.

आता तो १८९६चा निकाल. लुइझियाना राज्यात आगगाडीत गोऱ्यांचे डबे वेगळे, काळ्यांचे वेगळे, असा कायदा होता. होमर प्लेसी हा गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ची. कोणतंही राज्य कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही, असं ती सांगते. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आले आहेत ते तिथूनच. तर वेगळे डबे हा समानतेचा भंग नाही का? सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक मतानं सांगितलं, नाही. डबे वेगळे असले तरी दोघांनाही आहेत. यात काळ्यांना हीनपणा वाटत असेल तर तो कायद्यात नाही. तसा अर्थ ते स्वतःच लावून घेतात. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात राहिले.

या निकालाच्या आधारानं दक्षिणेत शाळा, दवाखाने, बागा, पाण्याचे नळ, सगळं दोन-दोन झालं. एक उदाहरण खुद्द ब्लॅक यांच्या गावचं. १९४६ साली हेमन स्वेट या काळ्या पोस्टमननं टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात प्रवेश मागितला. राज्य सरकारनं त्याला प्रवेश दिला नाही. त्याऐवजी ऑस्टिनमध्ये विधिमंडळाच्या इमारतीजवळच्या एका तळघरात काळ्यांसाठी स्वतंत्र कायदा महाविद्यालय उभं केलं! कागदावर दोन महाविद्यालयं, दोघांनाही आहेत. १९५०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वेटच्या बाजूनं निकाल दिला, पण प्लेसीच्या निकालाला हात लावला नाही. या तळघरात मिळणारं शिक्षण बरोबरीचं नाही, एवढंच म्हटलं.

मूळ तत्त्वालाच आव्हान द्यायचं ठरवलं ते थर्गुड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मार्शल हे काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांचे पुढारी, नंतर स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पाच ठिकाणचे शाळांचे खटले एकत्र करून १९५२च्या डिसेंबरात सुनावणी झाली, १९५३च्या डिसेंबरात पुन्हा झाली. कोलंबियात शिकवणारे ब्लॅक या मंडळींत सामील झाले. लेखी युक्तिवादाच्या तयारीत त्यांनी भाग घेतला आणि त्यावर त्यांचं नाव आहे. टेक्सासच्या गोऱ्या वकिलाच्या मुलाचं नाव तिथे असणं त्या काळात साधी गोष्ट नव्हती. याच वर्षांत, ५ जून १९५२ला, कोलंबियानं डॉ. आंबेडकरांना मानद एलएल.डी. दिली. एकाच विद्यापीठाच्या आवारात एका घटनाकाराचा सन्मान होत होता आणि तिथलाच एक तरुण प्राध्यापक लवकरच त्याच ‘समान संरक्षणा’साठी लढायला उभा राहणार होता. फरक एवढाच, की आपल्या घटनेनं सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यतेचं नाव घेऊन ती नष्ट केली आहे. अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीत वंशाचा किंवा रंगाचा उल्लेख नाही. जे शब्दांत नाही ते न्यायालयानं वाचायचं की नाही, हा तिथला झगडा.

१७ मे १९५४. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमतानं. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य. निकाल मुद्दाम छोटा आणि सोपा लिहिलेला, सामान्य माणसाला वाचता यावा असा. आणि तिथेच टीकाकारांना फट सापडली.

वॉरन यांचा भर होता शिक्षणावर. वेगळं बसवल्यामुळे काळ्या मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो, असं त्यांनी म्हटलं आणि अकराव्या तळटीपेत मानसशास्त्रज्ञांचे दाखले दिले. त्यातले केनेथ क्लार्क यांचे बाहुल्यांचे प्रयोग पुढे फार गाजले. काळ्या मुलांपुढे एक गोरी आणि एक सावळी बाहुली ठेवायची, चांगली कुठली विचारायचं. बहुतेक मुलं गोरीकडे बोट दाखवत. ऐकून काळीज हलतं. पण विरोधकांनी विचारलं, हा कायदा की समाजशास्त्र? उद्या दुसऱ्या कोणी उलट प्रयोग केला तर घटना बदलणार का? आणि पुढच्या दोन वर्षांत न्यायालयानं समुद्रकिनारे, गोल्फची मैदानं, शहरातल्या बसगाड्या इथलं विभाजनही रद्द केलं, तेही दोन-चार ओळींचे आदेश काढून, कारणं न देता. गोल्फच्या मैदानाचा आणि मुलांच्या शिक्षणाचा काय संबंध?

दक्षिणेतून संतापाची लाट आली. १९५६च्या मार्चमध्ये काँग्रेसच्या १०१ सदस्यांनी निषेधाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १९५७मध्ये आर्कान्सॉमधल्या लिटल रॉक इथे नऊ काळ्या मुलामुलींना शाळेत पोचवण्यासाठी अध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य धाडावं लागलं. अशा वेळी निकालाच्या बाजूच्या विद्वानांनी तरी त्याच्या पाठीशी उभं राहायचं. झालं उलटंच. १९५९मध्ये हर्बर्ट वेक्स्लर यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यान दिलं. वेक्स्लर म्हणजे कोलंबियाचे फार मोठे प्राध्यापक, ब्लॅक यांचे तिथले जुने सहकारी. वर्णभेदाचे समर्थक मुळीच नव्हते. उलट त्यांनी आपली एक आठवण सांगितली. चार्ल्स ह्यूस्टन या काळ्या वकिलाबरोबर ते सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण चालवत होते. मधल्या सुट्टीत दोघांना एकत्र जेवायचं तर रेल्वे स्टेशनवर जावं लागे, कारण वॉशिंग्टनमध्ये दुसरीकडे ते शक्य नव्हतं. त्याचं दुःख आपल्याला ह्यूस्टनपेक्षा कमी झालं नाही, असं वेक्स्लर म्हणाले.

पण एवढं सांगून त्यांनी प्रश्न टाकला. न्यायालयाचा निकाल तटस्थ तत्त्वावर उभा असला पाहिजे. आज आपल्याला हवा तो निकाल मिळाला म्हणून भागत नाही. विभाजनानं एकत्र येऊ इच्छिणाऱ्यांचं स्वातंत्र्य जातं हे खरं. पण विभाजन मोडलं की ज्यांना एकत्र यायचं नाही त्यांच्यावर सक्ती होते. या दोघांतून एकाला निवडायचं तर कुठल्या तटस्थ तत्त्वानं? आपल्याला उत्तर सापडत नाही, अशी कबुली त्यांनी दिली. प्रामाणिक माणसाची कबुली म्हणून तिचं वजन फार पडलं. दक्षिणेतल्या शंभर भाषणांनी झालं नसतं एवढं नुकसान या एका व्याख्यानानं झालं, असं मला वाटतं.

ब्लॅक यांची दहा पानं यानंतर आली. आणि काय आश्चर्य, त्यांत बाहुल्या नाहीत, मानसशास्त्र नाही, शिक्षणाची महती नाही. तर्क अगदी सरळ आहे. चौदावी दुरुस्ती कशासाठी झाली? गुलामीतून सुटलेल्या माणसांना कोणत्याही राज्यानं वंशावरून खाली दाबू नये म्हणून. वर्णविभाजन काय करतं? काळ्यांना जाणूनबुजून, मोठ्या प्रमाणावर खाली दाबतं. मग ते घटनेत बसत नाही. संपलं. शाळा असो, बस असो, गोल्फचं मैदान असो, उत्तर तेच. न्यायालयाच्या दोन ओळींच्या आदेशांना जे कारण हवं होतं ते हे.

यात वादाचा मुद्दा उरतो तो एकच: विभाजन खाली दाबतं, हे कशावरून? आणि इथे ब्लॅक यांनी आपल्या गावाला साक्षीला बोलावलं. मी टेक्सासमधल्या अशा शहरात वाढलो आहे जिथे हे विभाजन पक्कं रुजलेलं होतं, असं ते सांगतात, आणि तिथे त्याचा अर्थ काय याबद्दल काळ्याच्या किंवा गोऱ्याच्या मनात कधी शंका आल्याचं मला आठवत नाही. ही व्यवस्था गोऱ्यांचं वर्चस्व टिकवण्यासाठी आली, ज्यांनी काळ्यांचा मताचा हक्क काढून घेतला त्यांनीच ती आणली, आणि ‘वेगळं’ म्हणून जे मिळालं ते जवळजवळ कधीच बरोबरीचं नव्हतं. चुकून गोऱ्या उतारूला काळ्यांच्या डब्यात बसवलं तर त्याची बेअब्रू झाली म्हणून तो रेल्वे कंपनीवर दावा लावू शकत होता. मग त्याच डब्यात रोज बसणाऱ्या काळ्या माणसाची बेअब्रू होते, हे न्यायालयाला माहीत नाही असं सोंग न्यायालयानं का आणायचं?

माझ्या मते हा प्रश्न या निबंधाचा गाभा आहे. कायद्याच्या लोकांना एक खोड असते, मलाही आहे. पुराव्याच्या कागदावर जे आलं नाही ते जगातच नाही, असं धरायची. गल्लीतल्या पोराला जे दिसतं ते आम्हांला दिसत नाही, कारण ते नोंदीवर नसतं. ब्लॅक म्हणतात, सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्याचा आव आणणं हा तटस्थपणा नव्हे. एक अख्खा समाज खालच्या पायरीवर ठेवण्यासाठीच रचलेल्या व्यवस्थेत कोंडलेला आहे, आणि गंभीर चेहऱ्यानं कोणी विचारतो, की त्याला समान वागणूक मिळते आहे का? अशा प्रश्नावर तत्त्वज्ञांना परंपरेनं मिळालेला एक अधिकार आपण वापरावा, असं ब्लॅक सुचवतात. तो अधिकार म्हणजे हसण्याचा.

वेक्स्लर यांच्या मांडणीत दोन्ही पारडी कागदावर सारखी दिसत होती. याला एकत्र यायचंय, त्याला यायचं नाही. कागदावरची ही बरोबरी प्लेसीच्या निकालातही होती. दोघांना डबे आहेत ना? ब्लॅक यांनी कागद बाजूला करून डब्यात डोकावून पाहिलं. १९६७मध्ये व्हर्जिनिया राज्याचा आंतरवंशीय विवाहबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा राज्याचा बचाव हाच होता. शिक्षा गोऱ्यालाही आहे, काळ्यालाही आहे, मग भेदभाव कुठला? न्यायालयानं तो एकमतानं झिडकारला आणि हा कायदा गोऱ्यांचं वर्चस्व राखण्यासाठी आहे, असं उघड शब्दांत लिहिलं.

वाद मात्र मिटलेला नाही. ब्राउन निकालाचा अर्थ काय? सरकारनं माणसाचा रंग कधी पाहूच नये, असा? की दबलेल्यांना दाबणारी व्यवस्था टिकू देऊ नये, असा? २९ जून २०२३ला हार्वर्डच्या प्रवेशांमध्ये वंशाचा विचार करणं सर्वोच्च न्यायालयानं अवैध ठरवलं, तेव्हा बहुमताच्या निकालपत्रानंही ब्राउनचा आधार घेतला आणि विरोधी निकालपत्रांनीही. दोन्ही बाजू त्याच खटल्याचे वारस म्हणून भांडतात. त्या दहा पानांचा वाचक म्हणून मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. पहिल्याची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हार्लन यांच्या १८९६च्या विरोधी मतात तिची मुळं आहेत.

ब्लॅक यांची पुढची कारकीर्द बरीच मोठी आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी सांगतो, दोन्ही १९७४च्या.

पहिली महाभियोगाची. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन अडकले होते. अध्यक्षाला कोणत्या कारणासाठी पदावरून काढता येतं, यावर देशभर गलका चालला होता. घटनेत शब्द आहेत ते देशद्रोह, लाचखोरी आणि अन्य गंभीर गुन्हे व दुर्वर्तन अशा अर्थाचे. ब्लॅक यांनी सामान्य नागरिकासाठी एक लहानसं पुस्तक लिहिलं. हातात घेऊन गाडीत वाचून संपेल असं. त्यातली उदाहरणं खास त्यांची. समजा, अध्यक्षांनी सौदी अरेबियात मुक्काम हलवला, चार बायका करता याव्यात म्हणून, आणि तिथूनच पत्रांनी आणि तारांनी कारभार करू लागले. यात गुन्हा काही नाही, पण पदावरून काढायलाच हवं. उलट, समजा, आपल्या एखाद्या मदतनीसाच्या खिशातला गांजा त्यांनी लपवायला मदत केली. गुन्हा आहे, पण यासाठी कोणी अध्यक्ष काढेल का? शब्दांच्या ओळीत ‘अन्य’ आलं की ते आधीच्या शब्दांच्या जातीचं असायला हवं. देशाला आतून पोखरणारं कृत्य, ते गुन्ह्याच्या व्याख्येत बसो वा न बसो. भाषेचा विद्यार्थी इथे दिसतो.

आणि गंमत अशी, की निक्सन यांनी आपल्या कार्यालयातल्या संभाषणाच्या ध्वनिफिती न्यायालयाला द्याव्यात की नाही, या प्रश्नावर ब्लॅक निक्सन यांच्या बाजूनं उभे राहिले! अध्यक्षाला आपल्या सल्लागारांशी गुप्तपणे बोलता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे बहुतेक मित्र चकित झाले असतील. २४ जुलै १९७४ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं उलट निकाल दिला आणि सोळाव्या दिवशी निक्सन पायउतार झाले. मला वाटतं इथे ब्लॅक चुकले. पण नावडत्या माणसाच्या हक्काची बाजू घेताना ते कचरले नाहीत, हे नोंदवायला हवं. छोटं पुस्तक मात्र टिकलं. १९९८ला क्लिंटन यांच्या वेळी ते पुन्हा छापलं गेलं आणि २०१८ला फिलिप बॉबिट यांच्या भरीसह पुन्हा.

दुसरी गोष्ट फाशीची. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाचे फाशीचे कायदे मनमानी म्हणून रद्द केले होते आणि राज्यं नवे, अधिक काटेकोर कायदे करत होती. ब्लॅक यांनी विचारलं, काटेकोर म्हणजे कुठे? फाशीच्या कोठडीपर्यंतच्या वाटेवरचा एकेक थांबा त्यांनी दाखवला. कोणता आरोप ठेवायचा हे सरकारी वकील ठरवतो. गुन्हा कबूल केला तर सौम्य शिक्षेची तडजोड करायची की नाही, तेही तोच ठरवतो. मग ज्यूरी, मग आरोपीच्या मानसिक अवस्थेचा प्रश्न, शेवटी गव्हर्नरची दया. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी कोणालातरी सोडतो, आणि का सोडतो याचं पक्कं माप कोणापाशी नाही. शेवटी जो उरतो त्याला आपण म्हणतो, कायद्यानं निवडला. लहर आणि चूक या दोन गोष्टी या व्यवस्थेतून काढताच येणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं. १९७६मध्ये न्यायालयानं त्यातले काही नवे कायदे मान्य केले. ब्लॅक यांचा पराभवच म्हणायचा. पण ३१ जानेवारी २००० रोजी इलिनॉयच्या गव्हर्नरांनी, स्वतः फाशीचे समर्थक असून, फाशी थांबवली. तिथे फाशी झालेले तेरा जण पुढे सुटले होते. ती बातमी वाचायला ब्लॅक हयात होते. २०११मध्ये त्या राज्यानं फाशी रद्दच केली.

त्यांच्या घराबद्दल थोडं. पत्नी बार्बरा ही कोलंबियातली त्यांची विद्यार्थिनी. १९५४ला लग्न, मुलंबाळं, मग वयाच्या चाळिशीत तिनं कायद्याच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवली. १९८६ला ती कोलंबियाच्या कायदा महाविद्यालयाची डीन झाली. त्या तोलामोलाच्या विद्यापीठांत हे पद मिळवणारी पहिली स्त्री. तेव्हा येलमधलं मानाचं प्राध्यापकपद सोडून ब्लॅक तिच्यामागे न्यूयॉर्कला आले आणि तिच्याच महाविद्यालयात जोड-प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. बायकोच्या बदलीबरोबर बिऱ्हाड हलवणारा प्राध्यापक आमच्या पिढीत मी तरी पाहिला नाही.

येताना त्यांनी एक प्रथाही बरोबर आणली. वर्षातून एका संध्याकाळी ते विद्यार्थ्यांना जमवून लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकवत. येलमध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम कोलंबियातही चालू राहिला. ते स्वतःही ट्रम्पेट वाजवत. २००१च्या जानेवारीत केन बर्न्स यांची जॅझवरची माहितीपट-मालिका अमेरिकेच्या दूरदर्शनवर दाखवली गेली. तिच्यात ड्रिस्किल हॉटेलातल्या त्या रात्रीची हकीकत होती. त्याच वर्षी ५ मे रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ब्लॅक न्यूयॉर्कमध्ये वारले. हॉटेल अजून ऑस्टिनमध्ये त्याच जागी उभं आहे.